हात खाली

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल शिकवतात. लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणतात, "वहिनी, एवढ्या पोरी सांभाळतो, त्यात आणखी बायकोला कुठे खेळवू?" त्या पोरींतली एक माझी लेक. घरी ती त्यांना काका म्हणते, मैदानावर सर, आणि पाठीमागे सगळ्यांसारखंच 'शिट्टी'. कारण शिट्टी गळ्यातून उतरतच नाही. अंघोळीच्या वेळी तेवढी दाराच्या कडीला लटकते.

शिकवण्याची त्यांची एक रीत आहे. चेंडू बोटाला नुसता चाटून बाहेर गेला, तरी जिचं बोट तिनं आपणहून हात वर करायचा. पॉइंट समोरच्यांना गेला तर जाऊ दे. "पंचाला दिसेल न दिसेल. बोटाला लागलेलं बोटाच्या मालकिणीला कळतंच." हे इतकं अंगात भिनलंय की घरात कप फुटला तरी लेक हात वर करून उभी राहते. मग रागवायचं तरी कसं?

या वर्षी पोरी पहिल्यांदाच अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. आदल्या दिवशी भाऊजींनी बाहेरच्या खोलीतली फळी रिकामी केली. जुन्या फ्रेमचे डबे खाली ठेवले, फळी ओल्या फडक्यानं पुसली.

"काय ठेवायचंय एवढं?" मी विचारलं.

कान लाल झाले. "कुठे काय, धूळ फार बसली होती."

सामन्यात एक वेळ अशी आली, की आणखी एक पॉइंट आणि कप आमचा. समोरच्या उंच मुलीनं जोरात मारलं, लेकीनं जाळीपाशी उडी घेतली, चेंडू तिच्या हातांवरून थेट बाहेर. पंचानं पॉइंट आम्हाला दिला. ह्यांनी तर शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मिठीच मारली. आणि मी पाहते, तर लेक जाळीपाशी हात वर करून उभी.

"हात खाली!" आवाज भाऊजींचा होता. "खाली घे म्हणतो ना!"

अख्ख्या मैदानानं ऐकलं. लेकीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. हात तसाच. बाकीच्या पोरीही त्यांच्याकडेच बघत राहिल्या. पंचानं निर्णय फिरवला. त्यानंतर पोरींचे हातच चालेनात. हरलो.

दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकानातून आले, पण सरावाचे बूट काही घालेनात. फ्रेमचे डबे फळीवर परत गेले होते.

"अंग मोडून आलंय," ते म्हणाले.

"अरे, हार-जीत चालायचीच," ह्यांनी समजूत घातली.

"दादा, हरल्याचं नाही रे."

हे आत गेल्यावर जमिनीकडे बघतच ते मला म्हणाले, "वहिनी, तिनं माझ्याकडे बघितलं ना, तेव्हा ती चिडली नव्हती. तिला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. काका असं म्हणणारच नाही."

जाऊ द्या हो, असं म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं झालं असतं. "हे मला सांगून काय होणार? जाळीपाशी मी नव्हते," एवढंच मी म्हणाले.

तेवढ्यात लेक तयार होऊन दारात आली. "काका, चल ना. जाळी कोण बांधणार? आमचे हात पोचत नाहीत."

गेले बिचारे. ती पाण्याची बाटली विसरली होती, त्या निमित्तानं मीही मागोमाग गेले. पोरी रांगेत उभ्या होत्या. भाऊजी जाळीच्या गाठी बांधत होते, सोडत होते, पुन्हा बांधत होते. शेवटी बांधायला काही उरलं नाही, तेव्हा वळले. मग त्यांनी हळूहळू हात वर केला. सरळ, पूर्ण वर.

कुणी हसलं नाही. मग रांगेतली सगळ्यांत बुटकी पोर हळूच म्हणाली, "सर, मग पॉइंट समोरच्यांना."

"हो," भाऊजी म्हणाले. "त्यांचाच होता."

हात वरच. माझ्या लेकीलाच ते बघवेना. "सर," ती म्हणाली, "आता घ्या खाली."

त्यांनी घेतला. शिट्टी वाजली, सराव सुरू झाला. पण त्या संध्याकाळी पोरींशी बोलताना ते त्यांच्या बुटांकडेच बघत होते.