त्याच ताग्यातलं कापड

टाचणी म्हणजे गल्लीतली शिवणकाम करणारी बाई. नाव भावानं ठेवलेलं. अंगानं तशीच आणि बोलायलाही तशीच. त्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला आणि हिची अस्थिमज्जा त्याला तंतोतंत जुळली, तेव्हा दमलेल्या घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी हसलं.

मग डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच बोलावलं. "ज्या जनुकातल्या दोषामुळं त्यांना हा आजार जडला, तो दोष वारशानं तुमच्यातही आलाय. तुम्हाला आजार होईलच असं नाही, पण तुमची मज्जा त्यांना देणं धोक्याचं. परका दाता शोधू."

ठिगळासाठी टाचणी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा जपून ठेवायची. पण तागाच विरलेला असला तर तो तुकडा काय कामाचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

वॉर्डात भावानं विचारलं, "काय गं टाचणी, कधी टोचतेयस?"

"माझं चालत नाही म्हणे. मीही तुझ्यासारखीच निघाले, दादा."

"मग आधी तुझ्या लेकीला तपासून घे. माझं बघू नंतर."

तिनं मान हलवली. पण उठली नाही; त्याच्या पायांवरची चादर सारखी करत तिथंच बसून राहिली.