मुजफ्फरचे तीन सत्कार

लग्नात माईकवर बोलायचं काम माझं, आन् मी सांगतो, त्या दिवशी माझी काडीची चूक न्हवती. तरी पणदऱ्यात लोक अजून म्हणत्यात, "दत्तोबा, तू त्या फोटोवाल्याचं वाटोळं केलं." अरं, शाल दिली, श्रीफळ दिलं, फेटा बांधला. वाटोळं असं करत्यात व्हय?

फोटोवाला म्हंजी मुजफ्फर तांबोळी. त्याचे वडील मकसूदभाई निळ्या पडद्याम्होरं पासपोर्टचे फोटो काढायचे, "हनुवटी खाली" म्हणायचे आन् गप बसायचे. पोरगा निघाला शिस्तीचा. चपला काढल्या तरी जोडीनं भिंतीला लावून ठेवणार. बायको अफशीन दुसरा कॅमेरा धरती. तिला त्यानं नियम घालून दिलाय, स्टेजवर ज्याचा सत्कार त्याचा फोटो, माणूस कोण का असंना. आन् सगळ्यात मोठी शिस्त म्हंजी त्याची ती स्क्रिप्ट.

"संगणकाला लिहून दिलेलं काम हाय ते," त्यानं मला एकदा समजावलं. "कॅमेऱ्यातनं फोटो आला की उचलायचा आन् क्लाउडवर नेऊन ठेवायचा. आधी काढलेला आधी, मागचा मागनं."

"मग तुझा पासवर्ड त्यातच लिहिलास का?"

गडी असा दचकला, जणू मी त्याला घराची किल्ली चौकात टांगायला सांगितली. पासवर्ड कुठं लिहायचा न्हाय म्हणं. त्याच्या बदली टोकन घ्यायचं, म्हंजी तात्पुरता परवाना. ते तासभर चालतं, मग मरतं. नवं पायजे असंल तर क्लाउडवरची जागा ज्याच्या नावावर, त्याच्या फोनवर एक नंबर येतो. तो टाकला की नवं टोकन. "चोराच्या हाती लागलं तरी तासाभराचाच चोर," असं वर मला ऐकवलं.

आता त्या दिवशीच्या लग्नाचं सांगतो, नवरी संस्कृती. तिचे चुलते बापूसाहेब म्हणाले, "फोटो घरचे, तर जागाबी माझ्याच नावावर घे." घेतली. म्हंजी नंबर यायचा तो बापूसाहेबांच्या फोनवर. संस्कृतीची आजी ठमाबाई मात्र इंदापुरात खुब्याचं हाड मोडून खाटेवर. सुपारी फुटायच्या आधीच पडली, त्यामुळं नवरदेव तिनं बघितलेलाच न्हाय. आन् बाईचा हट्ट असा, की नवरदेव फेटा बांधून उभा दिसल्याबिगर तोंडात घास घालणार न्हाय. म्हातारीला शुगर! फोनवर तिला माणसं मुंगीएवढी दिसत्यात, म्हणून मुजफ्फर आदल्या दिवशी जाऊन तिच्या टीव्हीला तो क्लाउड जोडून आला. फोटो चढला की टीव्हीवर दिसणार. "आजी, मुहूर्ताला तुमचं जेवण," असा टीव्हीमागनंच शब्द दिला त्यानं; त्याचं तोंड काय म्हातारीला दिसलं न्हाय.

हितंच गडी फसला. पत्रिकेतल्या मुहूर्तावर विश्वास ठेवणारा अख्ख्या बारामती तालुक्यात तो एकटाच. मुहूर्त साडेबाराचा, म्हणून ह्यानं बाराला टोकन घेतलं. अरं बाबा, साडेबाराला आमचे निम्मे पाव्हणे आंघोळीला गेले न्हवते! नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर, म्होरं पोरं नाचतायत. मांडवात सत्कार चालू. सोसायटीचे आजी-माजी, दूध संघाचे, मामा, मामांचे साडू. नावं हातात आली, मी पुकारली.

एक वाजता टोकन मेलं. तवर टीव्हीवर जे फेटेवाले गेले, ते सगळे पिकल्या मिशांचे. म्हातारी म्हणाली म्हणं, "ह्यातला नवरदेव असंल तर लग्न मोडा." मग म्हातारीच्या शेजारणीचा, सारजाबाईचा, बटणाच्या फोनवरनं मुजफ्फरकडं आरडाओरडा सुरू झाला, "सकाळची सुई टोचलीय, पोटात काय न्हाय, हात थरथरायलेत! ताट म्होरं केलं की ढकलतीया!"

मुजफ्फर पळत स्टेजवर बापूसाहेबांकडं गेला. आता स्टेजवर माणूस आला आन् मी गप बसलो, तर माझी अब्रू काय राहिली? "आपले लाडके छायाचित्रकार मुजफ्फरभाई यांचा सत्कार!" शाल पडली. तेवढ्यात बापूसाहेबांना कुणीतरी मिठी मारली, आन् मिठी सुटंस्तवर नंबर शिळा झाला. मुजफ्फर खाली गेला, नवा नंबर मागवला, परत वर आला. परत आला म्हंजी मोठाच माणूस! श्रीफळ दिलं. तिसऱ्यांदा आला, तवा फेटेवाल्यानं त्याला धरलाच. हा ओरडतुय, "अहो, नंबर!" आन् फेटेवाला म्हणतुय, "हलू नका, तुरा वाकडा व्हतुय." अफशीन खालनं नियमाप्रमाणं फोटो काढतीय.

शेवटी त्यानं माझ्या हातातनं माईकच हिसकला. "बापूसाहेब, फोनवर आलेला नंबर बोला! तितं म्हातारी उपाशी मरंल!"

 बापूसाहेबांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच व्हता. मग माईकवर एकेक आकडा वाचला. ज्यानं पासवर्ड बायकोलाबी सांगितला न्हाय, त्याचा नंबर अख्ख्या मांडवानं एका सुरात म्हणून दाखवला. अफशीननं तो लॅपटॉपवर टाकला, टोकन आलं, आन् अडकलेले फोटो चढायला लागले.

लगेच मुजफ्फरच्या फोनवर सारजाबाई. "जेवतीय! म्हातारी जेवतीय! म्हणती, नवरदेव बघितला. सावळा हाय, पण गुणाचा. शाल घालताना लाजून पळून चालला व्हता म्हणं!"

नवरदेव तर अजून घोड्यावरच! मी मुजफ्फरकडं बघितलं. फेटा, तुरा, शाल, काखंत नारळ. मला हसू आवरंना. त्याच्या ध्यानात मात्र काय बी आलं न्हाय. "खरंच जेवत्यात?" एवढंच तो विचारत व्हता.

"दुसरी भाकरी चाललीय!"

गडी स्पीकरच्या खोक्यावर बसला आन् लहान पोरावानी रडला. मलाबी भरून आलं, खोटं कशाला बोलू? अफशीनचेबी डोळं भरले, पण सवयीनं कॅमेऱ्याचं बटण दाबलंच.

जरा वेळानं परत फोन वाजला. आता खुद्द ठमाबाई, तोंडात घास.

"आगं बया, नवरदेव का रडतुय? आमच्या पोरीनं काय केलं त्याला?"