तिरंदाज मेला तेव्हा

आज रिमोटमधल्या गळलेल्या सेलचा उग्र वास आला आणि राजुऱ्यातली एक दुपार आठवली. माझी मोठी बहीण दुसऱ्या दिवशी नर्सिंग शिकायला नागपूरला जाणार होती. आम्ही दोघी सेलवर चालणाऱ्या हातातल्या व्हिडिओ गेमवर एकाच बाजूने, आळीपाळीने चाली करत लढाई खेळत होतो. एकेक शिपाई विचार करून चौकोनांवरून सरकवायचा. मेला की तो कायमचाच गेला. दीड तास जपलेला माझा तिरंदाज ताईच्या एका घाईच्या चालीत मेला. मी चिडून गेम बंद केला, त्या दिवशी चौथ्यांदा.

"मरू दे नं वं त्याले! मले शेवट पाहाचा हाय," ताई रडकुंडीला आली.

"नाई! एकबी मेला नाई पायजे," म्हणत मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

ताई गेली. महिनाभराने मी जिंकले, सगळे शिपाई जिवंत ठेवून. शेवट मात्र एकटीनेच पाहिला, आणि त्याचा राग आजही माझा माझ्यावरच आहे.