काकांचे साक्षीदार

जगातलं कुठलंही काम शंभर टक्के पुरं करू नये असं मानणारा, आणि तरीही दिवसभर राबणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, टक्कल तुळतुळीत, मिशा मात्र अजून परेडवर. श्रीखंड खाल्लं तर वाटीच्या तळाशी चमचाभर उरणार. दाढी केली तर डाव्या कानाखाली चार केस उरणार. अंगण झाडलं तर कोपऱ्यात हातभर जागा पाचोळ्यासकट उरणार. ‘काका, एवढं राहिलं बघा,’ म्हटलं की शांतपणे म्हणणार, ‘राहिलं नाही. ठेवलंय.’

या खुळाचं मूळ बहात्तरच्या दुष्काळात आहे. सतरा वर्षांचे काका तेव्हा गावाबाहेरच्या माळावर दुष्काळी कामाला होते. बांध घालायचे, चर खणायचे, झाडांसाठी खड्डे घ्यायचे. खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा, म्हणजे मूळची जमीन कुठवर होती आणि आपण किती खोल गेलो, हे मापाला येणाऱ्या साहेबाला दिसतं. त्या खुंटाला त्यांची टोळी साक्षीदार म्हणायची. एकदा काकांनी हुशारी करून खुंटाच्या डोक्यावर वीतभर माती थापली. खड्डा बसल्या जागी खोल झाला! मुकादमानं काठीनं ती माती उडवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘खोटा साक्षीदार उभा करतोस?’ पुढे काका फौजेत गेले, बर्फात उभे राहिले, पायात छर्रे घेऊन परतले आणि बडोद्यात एका कारखान्याच्या फाटकावर नोकरीला लागले. छर्ऱ्यांची गोष्ट ते दोन वाक्यांत उरकतात. त्या वीतभर मातीची मात्र तासभर सांगतात, आणि सांगताना त्यांचे कान आजही लाल होतात.

मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत एकूण एक कडुलिंब काकांनी लावलेला आहे, आणि प्रत्येक आळ्याच्या कडेला मातीचं एक टेंगूळ आहे. सेक्रेटरी पटेलभाई त्यावर दोनदा ठेचकाळले. ‘काका, आ टेकरी काढी नाखो ने, कोई पडी जशे!’ म्हणाले. काका म्हणाले, ‘पडू दे. कुठे पडला ते तरी कळेल.’ शेजारच्या बेन प्रेमानं तुपातली सुखडी पाठवतात. काका ती मिटक्या मारत खातात आणि वर तोंड वाकडं करतात. दुष्काळी कामावर मिळायची ती खरी सुकडी, ही म्हणे श्रीमंतांची नक्कल. एक वडी अर्थातच उरवतात.

मावशी मात्र या उरवण्याला विटली होती. ती स्वयंपाकघरात दाराशेजारी पाटावर बसून, भिंतीला डोकं टेकून भाजी निवडायची. तीस वर्षं तीच जागा. भिंतीवर तिच्या केसांच्या तेलाचा ताटलीएवढा डाग पडला होता आणि त्यावरून रोज खणाखणी. ‘अगं, ही भिंत आहे की उशी?’ असं काका. ‘तुम्ही घरभर उष्टं-खरकटं उरवता ते चालतं, माझं डोकं तेवढं चालत नाही!’ असं मावशी.

मावशी गेली. गेल्या दिवाळीआधी घराला रंग काढायचं ठरलं आणि ते काम मी अंगावर घेतलं. मीही तिचीच भाची. काका प्रत्येक भिंतीवर काहीतरी ‘ठेवणार’ आणि घराचं पार भजं करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गोत्रीच्या माझ्या घरून सकाळीच आले, रंगाऱ्याला बाजूला घेतलं आणि बजावलं, ‘काका गमे ते कहे, एक इंच पण छोडवानुं नथी!’ काका काहीही म्हणोत, इंचभरही सोडायचं नाही. मग रोपं आणायच्या निमित्तानं काकांना गाडीत घालून करजणच्या रोपवाटिकेत नेलं. वा रे माझं डोकं, असं वाटत होतं मला.

रोपं घेऊन झाली. चहा पिताना काका म्हणाले, ‘या खेपेला मी शहाण्यासारखा वागलोय हो. रंगाऱ्याला म्हटलं, सगळं घर रंगव, कुठे काही ठेवू नकोस. फक्त दाराशेजारची तिची जागा सोड.’

मी कप तसाच टाकला. बाहेर जाऊन रंगाऱ्याला फोन लावला. तो खुशीत म्हणाला, ‘अरे बेन, ए तो सौथी पहेलां पताव्युं!’ सगळ्यात आधी तेच उरकलं होतं त्यानं.

परतीच्या वाटेवर मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. काका मांडीवरची रोपं तेवढी सांभाळत बसले. घरी आल्यावर भिंतीसमोर उभे राहिले. पिस्ता रंगाची, चकचकीत, गुळगुळीत भिंत. त्यांनी तिथे हात लावला, बोटांना ओला रंग लागला. मी म्हटलं, ‘काका, तिची तेलाची बाटली आहे अजून. रंग सुकला की आपण तिथे थोडं...’

‘नको बाळा,’ ते म्हणाले. ‘खोटा साक्षीदार नको.’

त्या दिवशी त्यांनी ताटात काहीच उरवलं नाही. आम्हाला वाटलं, खूळ गेलं एकदाचं, आणि मला त्याचंच फार वाईट वाटलं.

आता मी दर रविवारी जाते. काका दाराशेजारी तिच्याच पाटावर बसून, भिंतीला टक्कल टेकून मेथी निवडत असतात. निवडतात कसली, निम्मी पानं काड्यांबरोबर जातात. टकलाला सकाळी तेल चोपडतात, मावशीच्याच बाटलीतलं. परवा ते दार उघडायला उठले तेव्हा मला भिंतीवर फिकटसा डाग दिसला. मावशी बुटकी होती. हा तिच्या डागापेक्षा वीतभर वर आहे.

मी बघतेय हे पाहून काकांचे कान लाल झाले. ‘हा माझा आहे,’ ते म्हणाले. ‘तिचा खाली होता. इथून वीतभर खाली.’