नलूकाकूंच्या हातची आंबापोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज का सांगतेय — ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. रत्नागिरीत घरबसल्या मी कोकणी खाऊचं ऑनलाइन दुकान काढलं होतं. आणि स्वतःला फार शहाणी समजत होते! वेबसाइटचं पान झटकन उघडलं पाहिजे, गिऱ्हाइकाला शोधाशोध नको, फोटो बघून तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. फोटो होता शेजारच्या नलूकाकूंचा — बांगड्या मागे सारून ताटात आमरस पसरताना, हसऱ्या. आंबापोळीही त्यांचीच. लोक त्या फोटोवरच भाळायचे.

पण एकटी बाई घालणार किती? पावसाच्या आधीच पोळ्या संपल्या. पानावर 'संपली' एवढाच शब्द टाकायचा होता. पण दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं? मला ते जिवावर आलं. मिरजोळ्याच्या एका कारखान्यातून तयार पोळी आणली आणि काकूंच्या फोटोखाली विकली. एकदा नाही — पुढचे कितीतरी महिने. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एक बाई आमचा पत्ता शोधत आल्या. अंगणात काकू दिसल्या, आणि फोटोवरून त्यांनी ओळखलंच. रागावल्या नव्हत्या हो, हिरमुसल्या होत्या. म्हणाल्या, "नुसती साखर लागली. आंबा कुठाय त्यात?"

मी तिथेच उभी होते. खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

काकू पदराला हात पुसत राहिल्या. "माझाच हात चुकला असेल हो. वय झालं आता." आणि त्या बाईंना बसवून सरबत करायला आत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ताटं काढलीच नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "नको गो. माझ्यापायी तुझ्या दुकानाचं नाव जायचं."

आणि मी? मी मान डोलावली. हायसं वाटलं मला — लाज वाटते, पण तेही सांगून टाकते.

फोटो मी पानावरून काढून टाकला नाही. दुकान बंद होईपर्यंत तो तिथेच होता. काकू त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. आपला हात बिघडला, असंच शेवटपर्यंत समजत होत्या.

तो कधीच बिघडला नव्हता. हे फक्त मला माहीत होतं.