न आलेले मेसेज

दापोड्यातल्या एका गोदामात मी चार वर्षं प्रोग्रामर होतो. बिस्किटं, सरबतं, बेबी फूड असा खाण्यापिण्याचा माल तिथे यायचा आणि दुकानांना जायचा. मुदत संपत आलेली खोकी शोधून बाजूला काढायचं काम एका बाईंकडे होतं. सगळे त्यांना ताई म्हणायचे, मीही. त्या गावातल्याच. घरची जमीन गोदामांना भाड्याने दिलेली, त्यामुळे कमावायची फार गरज नव्हती. पण विचारलं की म्हणायच्या, "घरान बसून करू काय?"

ताई रोज सकाळी हातात खडू घेऊन रॅकच्या मधून फिरायच्या आणि जुन्या खोक्यांवर फुली मारायच्या. तारीख वाचायला चष्मा कपाळावरून खाली ओढायच्या. मला ते पाहून गंमत वाटायची. हे काम प्रोग्राम सहज करेल, असं मी मॅनेजरांना सांगितलं आणि पंधरा दिवसांत लिहूनही दिला. तो सकाळी सगळ्या खोक्यांची यादी घ्यायचा, महिन्याभरात मुदत संपणारी वेगळी काढायचा आणि त्या प्रत्येकासाठी ताईंच्या फोनवर मेसेज पाठवायचा. शेवटचं काम एका ओळीत होतं: यादीतल्या प्रत्येकाला हे लागू कर. भाषा पायथन, तिची जुनी आवृत्ती.

ताईंनी मेसेज पाहून मान डोलावली. मग म्हणाल्या, "भाऊ, ज्या दिवशी काय नसंल त्या दिवशी बी सांगंल का यो? आज काय न्हाय म्हणून?"

"काही नसेल तर कशाला सांगेल, ताई? मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक."

त्यांना ते फारसं पटलं नव्हतं. पण मॅनेजरांनी खडू बंद करायला सांगितलं आणि त्यांनी केला.

आठ महिने नीट चाललं. मग पायथनची जुनी आवृत्ती बंद होणार म्हणून मी सगळे प्रोग्राम नव्या आवृत्तीवर नेले. ठिकठिकाणी कंस घालावे लागले. कुठे कंस राहिला की नवी आवृत्ती लगेच अडायची आणि ओळ दाखवायची. भागाकाराचीही पद्धत बदलली होती. जुनी आवृत्ती सातला दोनने भागून तीन द्यायची, नवी साडेतीन देऊ लागली. ते मी स्वतःहून पकडलं आणि दिवसभर खुशीत होतो. सगळं चालवून पाहिलं, कुठेही चूक दाखवली नाही. झालं, असं मी मॅनेजरांना कळवलं. मेसेज खरंच जातात का, हे मात्र पाहिलं नाही.

आठवड्याने ताई माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, चार-पाच दिस झालं, मेसेज न्हाय आला."

"म्हणजे माल ताजा आहे. बरंच आहे की."

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. "त्या कोपऱ्यातले डबे मला जुने वाटतान. एकदा बघशील?"

मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. "ताई, सिस्टीमवर जरा विश्वास ठेवा." त्या परत रॅककडे गेल्या. तेव्हा उठून त्यांच्याबरोबर चार पावलं चाललो असतो तर पुढचं काही घडलं नसतं.

आणखी महिन्याभराने एका दुकानदाराने बेबी फूडची खोकी परत पाठवली. मुदत उलटून गेली होती. एकही डबा विकला गेला नव्हता, हे नशीब. मॅनेजरांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं, मलाही. माल पाठवण्याच्या कागदावर ताईंची सही होती.

"मी दोनदा सांगितलेलं यांना," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

मॅनेजरांनीही पाहिलं. मी म्हणालो, "सिस्टीममध्ये तर काही एरर नाही, सर."

ते खरं होतं. एरर नव्हतीच. ताईंना त्याच दिवशी लेबलं चिकटवायच्या टेबलावर बसवलं.

दुपारी मी प्रोग्राम उघडला. अर्ध्या तासात सापडलं. यादीतल्या प्रत्येकाला हे लागू कर, असं म्हटलं की जुनी आवृत्ती ते तिथल्या तिथे करून टाकायची. नवी तसं करत नाही. कोणी उत्तर मागेल तेव्हा करीन, असं ठरवून ती काम बाजूला ठेवते. मोठ्या याद्यांसाठी ते सोयीचं असतं, उगाच मेहनत आणि जागा वाया जात नाही. पण माझ्या ओळीचं उत्तर कोणी मागतच नव्हतं. मला फक्त मेसेज जायला हवे होते. त्यामुळे एकही गेला नव्हता. मी एक शब्द वाढवला आणि ताईंचा फोन लेबलांच्या टेबलावर लागोपाठ वाजत राहिला. काचेतून मला दिसलं. त्यांनी फोन पाहिला आणि उलटा ठेवला.

मी तेव्हाच केबिनमध्ये जायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं. दोन दिवसांनी ताई यायच्या बंद झाल्या. मग मी मॅनेजरांना सांगितलं, तेही "अपडेटमुळे जरा गडबड झाली होती" अशा शब्दांत.

"आता चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग झालं."

ताईंच्या घरी जायला मला सहा महिने लागले. त्यांनी ओट्यावर खुर्ची दिली, चहा केला. मी आवृत्ती, यादी, बाजूला ठेवलेलं काम, सगळं सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"म्हंजे माझी चूक नव्हती?"

"नाही, ताई. माझी होती."

"तुला कवा कळला?"

"त्याच दिवशी दुपारी."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "साऱ्या गावाला म्हाईत झाला का हिनं पोरांचा खराब खाणा पाठवला. आता मी कोणाकोणाला सांगत फिरू?"

मी मॅनेजरांकडून लेखी आणून देतो म्हणालो. त्यांनी हात हलवून नको म्हटलं. पुन्हा कुठल्याही गोदामात त्या गेल्या नाहीत. मी दुसऱ्या वर्षी ठाण्याला नोकरी धरली. तिथे माझ्या कामाचं कौतुक होतं. मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो, असं लोक म्हणतात. कोणाकडून शिकलो, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.