थिनरचा बोळा

गॅरेजात त्याला सगळे ठोक्या म्हणत. चेपलेला दरवाजा समोर आला की हातोडा घेऊन असा तुटून पडायचा, जणू त्या पत्र्याने त्याच्या आईला शिवी दिलीय. घरीही हात तसाच चालायचा. ताट भिंतीवर, चप्पल पाठीत. बायकोच्या खांद्यावरचा जुना वळ जायच्या आत नवा उमटायचा. तोंडात विडी कायम. एक विझली की दुसरी.

लहानपणापासून त्याच्या लिंगावरची कातडी मागे सरकत नव्हती. असेल असंच, म्हणून त्याने कधी कुणाला विचारलं नाही, की आतून कधी धुतलं नाही. वर्षापूर्वी टोकाशी खरखरीत कोंब उगवला. ठोक्याने गाडीचा गंज काढतात तसा तो काढला. पॉलिश पेपरने घासला आणि वर थिनरचा बोळा दाबला. न्हाणीघराच्या दारावर डोकं आपटलं, पण आवाज काढला नाही. खपली धरली, पडली, आणि खालून दुप्पट वर आलं. मग वास यायला लागला.

कपडे धुताना बायकोला रक्त दिसलं.

"हे काय?"

"खिळा लागला."

"तिथे?"

थोबाडीत बसली तशी ती कोलमडली. उठली ती कपडे बडवायचं लाकूड घेऊनच. ते तिने त्याच्या गुडघ्यावर घातलं.

"चला आता, लंगडत. चालता येतंय तोवर दवाखाना गाठू."

"पुरुष डॉक्टर नाहीत?" ठोक्याने तिथे विचारलं.

"रजेवर आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ रजेवर नाही. झोपा."

तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

"एचपीव्ही नावाचा विषाणू असतो," बाईंनी सांगितलं. "शरीरसंबंधातून येतो. बहुतेकांचा आपोआप जातो, काहींचा वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. त्यात तुमची घट्ट कातडी, आत साठलेली घाण आणि ही विडी. थिनरने तर नुसतं भाजलं, आणि वर्ष हातचं गेलं."

ठोक्याने एकच शब्द ऐकला: शरीरसंबंध. त्याने बायकोची वेणी मुठीला गुंडाळली.

"कुणाकडून आणलास?"

"सोडा तिला," बाई म्हणाल्या. "कुणाकडून, ते कुठलीच तपासणी सांगत नाही. लग्नाआधीपासून तुमच्याच अंगात असेल."

वेणी ताणलेली असतानाच बायको हसली. "ट्रकवाल्यांबरोबर कुठे कुठे मुक्काम व्हायचे, ते तुमच्याच भावाने सांगितलंय मला."

मूठ सैल पडली. मग त्याने स्टूल लाथाडलं, ते भिंतीवर फुटलं.

"टोकाकडचा भाग कापावा लागेल," बाई म्हणाल्या. "थांबलात तर सगळंच. मग जांघेतल्या गाठी. मग तुम्ही."

"नवा जोड बसतो?"

"हा पत्रा नव्हे."

"मग मी पुरुष कसला?"

"आजवर कसले होता?" बायको म्हणाली.

त्याने हात उगारला. ती हलली नाही.

मग तो हात खाली येऊन खाटेच्या लोखंडावर आदळला, बोटं सोलली.

"कापा. पण आधी हिला तपासा. हिलाही लागला असेल माझ्याकडून."

"गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतलीय मी, बाईंच्याच सांगण्यावरून, तुमचा तुकडा गेला त्याच दिवशी," बायको म्हणाली. "काय निघेल ते निघेल. तुम्हाला सांगायला मी घरी नसेन, माझ्या भावाकडे चाललेय."



ती दारापर्यंत गेली, वळली. "ऑपरेशनच्या दिवशी येईन. तेवढंच. हात उगारलात तर तेही नाही."

"ये," तो म्हणाला, आणि सोललेली बोटं काखेत दाबून खाटेवर आडवा झाला.